खालून काळा दिसणारा पडदा

“...मग माझ्यापासूनच का लपवताय, उस्ताद?”

भूपाल मगदूमनं हातातला पेचकस खाली ठेवला नाही. फक्त फिरवायचा थांबवला.

उस्ताद दस्तगीर शिकलगार दुकानातल्या ओट्यावर गादी टाकून बसले होते. शेजारी शिवलीला. दोघांच्या पुढ्यात तिचा लॅपटॉप उघडा.

“काय लपवलं मी?”

“तो पडदा.”

“हा? हा तर उघडाच आहे की.”

“मला काळा दिसतोय.”

“खालून काळाच दिसणार. वर ये. बघ.”

भूपाल वर गेला नाही.

आता ओटा म्हणजे काही डोंगर नव्हता. दोन फूट उंच. एक पाय टाकला की माणूस वर. पण वर गेलं तर शिवलीलाच्या शेजारी मांडी घालून बसावं लागणार. आठ वर्षं काम केलेल्या माणसानं सात महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीशेजारी बसायचं, आणि ती बघतेय तेच बघायचं.

त्यापेक्षा काळा पडदा परवडला, असं भूपालला वाटलं.

दुकान मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत. समोरच्या गच्चीवर भोपळे वाळत पडलेले असायचे आणि इकडं दुकानात फुटके लॅपटॉप. दस्तगीरच्या बापानं जन्मभर सुऱ्या-कात्र्यांना धार लावली. पोरानं काचेला हात घातला, आणि असा घातला की बेळगावपासून सोलापूरपर्यंतचे दुकानदार हात टेकल्यावर पडदा खोक्यात भरून मिरजेला पाठवायचे.

त्याचं कारण एकच. पडद्यावर उभी रेघ आली की बाकीचे सांगतात, पडदा गेला, नवा टाका. कुणालाही येतं तेवढं. उस्ताद तो पडदा उघडायचे. काचेच्या कडेला एक पट्टी चिकटलेली असते, तिच्यात केसापेक्षा बारीक तारा. ती पट्टी उचलायची, पुसायची, तारेवर तार आणून गरम दाबानं परत बसवायची. रेघ गायब. दुकानात याला नुसतं ‘काचेचं काम’ म्हणायचे.

हे काम उस्तादांनी कुणालाच दिलं नव्हतं.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी तोंडाला लावता लावता ते म्हणाले होते, “उरुसाच्या आत काचेचं काम एकाला देणार. एकालाच. दोघांना शिकवायचा दम नाही आता.”

भूपालनं त्या दिवशी तीन वाट्या खाल्ल्या. एकाला म्हणजे त्यालाच. दुसरं होतं कोण?

दुसरी होती. ओटा झाडत होती.

शिवलीला हिरेमठ, जतची. आयटीआय करून आलेली. सकाळी येऊन दुकान झाडायची, टेबलांच्या खाली वाकून सांडलेले स्क्रू वेचायची, मग शिकायला बसायची. टेबलाखाली वाकायचं काम नव्या शिकाऊचं, हा दुकानाचा रिवाज. भूपालनं स्वतः दोन वर्षं केलं होतं. ज्या दिवशी सुटलं, त्या दिवसापासून टेबलाखाली त्यानं नजरसुद्धा टाकली नव्हती. आपण आता टेबलाच्या वरची माणसं.

आणि मग ते रोजचं सुरू झालं.

तीनचा चहा झाला की उस्ताद म्हणायचे, “चल पोरी.” ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर जायची. तासभर दोघं पडद्यात तोंड घालून. वर पंखा खडखडायचा, त्यामुळं बोलणं अर्धं कळायचं, अर्धं नाही.

“मनगट बघ... हां... आता...”

आणि ती पोरगी पडद्याकडं बघत हवेत बोटं हलवायची. उचलल्यासारखी. सोडल्यासारखी.

भूपालचं टेबल खाली, दाराशी. तिथून पडदा दिसायचा म्हणजे काय, काळं. त्या काळ्यात मध्येच काहीतरी पांढुरकं हलायचं, फोटोची जुनी निगेटिव्ह धरावी तसं. स्वस्तातला पडदा. समोर बसलेल्याला रंग, खालून बघणाऱ्याला काळोख. हे पडदे भूपालनं शेकड्यानं बसवले होते. टीएन म्हणतात त्याला. बोट फिरवून त्यानं जात सांगितली असती.

पण माणूस जळायला लागला की अक्कल आधी पेटते. असा पडदा तिच्या लॅपटॉपला असणं हा योगायोग नाही, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. म्हाताऱ्यानं मुद्दाम बघून दिलाय. मला दिसू नये म्हणून. हवेत बोटं कशाची हलतात? काचेच्या कामाची. दुसरं काय.

तो लॅपटॉप तिच्या थोरल्या भावाचा होता, जुना. एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं.

“काय, आज किती विद्या मिळाली?” तो संध्याकाळी कुलूप लावताना विचारायचा.

“मिळतीय थोडी थोडी.” ती हसायची. “भूपालदादा, तुम्हीपण या की वर.”

“आम्ही खालीच शिकलो बाई. आम्हाला कुणी गादीवर बसवलं नव्हतं.”

“मग आता बसा.”

ती सरळ बोलायची. त्याला ते टोचायचं. सरळ बोलणं टोचायला लागलं की समजावं, आपल्यात काहीतरी वाकडं बसलंय. पण समजावं कुणी?

घरी जेवण जाईना. भाकरी मोडायची आणि ताटात ठेवायची. बायकोला वाटलं पित्त झालंय. तिनं कोकमाचं सार केलं.

एके दिवशी वकील बेळंके आले. घामाघूम. लॅपटॉप टेबलावर आपटून म्हणाले, “याला काहीतरी करा. शेजारच्या खुर्चीवरचा वकील डोकावतो. मी इकडं मसुदा टाइप करतोय आणि हा तिकडं उत्तर तयार करतोय.”

भूपालनं पडद्यावर ती गडद फिल्म बसवून दिली. समोरून स्वच्छ, कडेनं काळंभोर. वकील उजवीकडं गेले, डावीकडं गेले, खाली बसून बघितलं. खूश.

ओट्यावरून उस्ताद म्हणाले, “वकीलसाब, आता तुमच्या अशिलालासुद्धा दिसणार नाही.”

“त्याला कशाला दिसायला पाहिजे?”

“तेही खरं.”

वकील गेले. भूपाल त्या उरलेल्या फिल्मच्या कपट्याकडं बघत बसला. झाकायची कला आपल्या हातात आहे... मग उघडायची कुणाच्या हातात आहे?

मागच्या फळीवर एक लॅपटॉप पडून होता. कुणाचा तरी, पाणी सांडून आतून गेलेला. धन्यानं सुट्या भागांसाठी सोडून दिलेला. पडदा मात्र शाबूत, आणि भारी जातीचा. त्याला आयपीएस म्हणतात. वरून बघा, खालून बघा, भिंतीला चिकटून बघा, चित्र तेच. तशीच लांबी, तशीच रुंदी, तीच तीस टोकांची जोडणी.

भूपालनं तो हातात घेतला, फुंकर मारली, ठेवून दिला. पुन्हा घेतला.

शुक्रवारी दुपारी उस्ताद नमाजला गेले. शिवलीला मावशीकडं जेवायला गेली. लॅपटॉप ओट्यावर होता. पडद्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात कुंकवाचा टिळा. दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या हत्यारांना लावला होता तसाच, तिनं पुसला नव्हता.

भूपालनं दार ओढून घेतलं.

लॅपटॉप स्वतःच्या टेबलावर आणला, वाकड्या मानेच्या कॅमेऱ्याखाली. बारीक काम मोठं दिसावं म्हणून तो कॅमेरा प्रत्येक वेळी लागायचा. त्याच्याशिवाय काम करणं म्हणजे चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणं. समोरच्या छोट्या पडद्यावर त्याचे हात मोठे होऊन दिसायला लागले. त्यांच्याकडं बघून काम करायची सवय इतकी जुनी की ते आपले हात आहेत हेही तो विसरून गेला होता.

चौकट निघाली. एक क्लिप तुटली नाही. जोडणीवरची टेप त्यानं नखानं नाही, बोटाच्या पोटानं सोडवली. जुना पडदा बाहेर, नवा आत. टेप जिथं होती तिथंच, सुरकुतीसकट. चौकट बसवताना चारी कोपऱ्यांनी एकच आवाज केला. कुंकवाच्या टिळ्याचा कणसुद्धा सांडला नाही.

अकरा मिनिटं.

आठ वर्षांत असं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

जुना पडदा त्यानं डब्याच्या पिशवीत सरकवला. लॅपटॉप ओट्यावर जसा होता तसा. दार उघडलं. समोरच्या गच्चीवर एक माणूस भोपळा ठोकून आवाज ऐकत होता, त्याच्याकडं बघून भूपालनं मान हलवली, जणू काय आपण मघापासून तेच बघतोय.

तीनचा चहा झाला.

“चल पोरी.”

भूपालनं मान वळवली नाही. नुसते डोळे वळवले.

पडदा उजळला... आणि खालून, दाराशी बसून, रंगासकट सगळं दिसलं. छातीत असं काही गार पडलं की त्यानं डोळे मिटून घेतले. आता शिका. आता बघतो काय शिकताय.

डोळे उघडले.

पडद्यावर दोन हात होते.

हात एक लॅपटॉप उघडत होते. सावकाश. चौकटीखाली बोट सरकत होतं. भूपालला वाटलं, कुणाचे हात हे? म्हाताऱ्यानं कुठल्या कारागिराचं चित्रण मिळवलंय? हात चांगले होते. फारच चांगले होते. एवढे चांगले हात या पोरीला दाखवतो आणि मला नाही...

मग डाव्या अंगठ्यावरचा डाग दिसला. डाक द्यायच्या, सोल्डरिंगच्या तापल्या टोकाचा. भूपालनं स्वतःचा अंगठा मुठीत घेतला.

मग चौकटीच्या कोपऱ्यातला कुंकवाचा टिळा दिसला.

पंखा खडखडत होता.

“बघ,” उस्ताद सांगत होते, “टेप कशी सोडवली. नख नाही लावलं. बोटाचं पोट. सात महिने मी सांगतोय ते हेच.”

शिवलीलाची बोटं हवेत उचललेली होती. ती तिथंच थांबली.

“उस्ताद... हा तर माझाच...”

“हात बघ, पोरी. लॅपटॉप कुणाचा ते नको बघू.”

 पडद्यावर जुना पडदा बाहेर आला. नवा आत गेला. उस्तादांनी ते मागं नेऊन पुन्हा दाखवलं. दोनदा. चोरी दोनदा बघावी लागणं काय असतं ते भूपालला विचारा.

“एक क्लिप तुटली नाही,” उस्ताद म्हणाले. “चारी कोपरे एका आवाजात. हे काम तू आयुष्यात एकदा केलंस तरी मी म्हणेन शिकलीस.”

मग मान न वळवता, “भूपाल.”

“...जी.”

“तिथून नीट दिसतंय ना?”

भूपालनं पेचकस खाली ठेवला.

“दिसतंय.”

“दिसणारच. पडदा चांगला बसलाय.”

भूपाल उठला. कॅमेऱ्याची एक वायर समोरच्या छोट्या पडद्याला जाते हे त्याला ठाऊक होतं. त्यानं गुडघे टेकले आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या टेबलाखाली बघितलं. दुसरी एक वायर टेबलाच्या पायाला बांधून खाली आली होती. तिच्या टोकाला एक पेटी, कॅमेऱ्याचं चित्रण साठवून ओट्यावरच्या लॅपटॉपला पाठवणारी. पेटीवर हिरवा दिवा. पेटी झाडूनपुसून लख्ख होती, कारण शिवलीला रोज तिच्यावरून फडकं फिरवायची.

“कधीपासून आहे हे?” तो टेबलाखालूनच म्हणाला.

“ती आली त्या महिन्यापासून.”

“माझ्यावर पाळत?”

उस्तादांनी उजवा हात पुढं केला. नुसता हवेत धरला. तारेला कुणी छेडावं आणि ती थांबूच नये, तसा तो हात हलत होता.

“हा दाखवून काय शिकवू? नेम लागत नाही. म्हणून तुझा दाखवतो.”

“मला सांगायचं होतं.”

“वर ये म्हटलं होतं.”

भूपाल टेबलाखालून बाहेर आला तसे उस्ताद म्हणाले,

“रोज म्हटलं होतं.”

शिवलीलानं लॅपटॉप मिटला नाही. ती पडद्याकडं या बाजूनं, त्या बाजूनं बघत होती.

“भूपालदादा, जुना पडदा कुठाय?”

“माझ्या पिशवीत. आत्ता बदलून देतो.”

“नको. त्याच्यात मान अवघडायची माझी.” आणि मग खालच्या आवाजात, “विचारलं असतं तर मीच दिला असता उघडायला. दादा, माझ्या वस्तूला न विचारता पुन्हा हात लावू नका.”

 भूपालनं मान डोलावली.

कुणाला वाटेल, झालं, माणूस सुधारला. तसं नसतं. जळायची सवय लागलेल्या माणसाला लाकूड लागतंच. त्या रात्री तो जेवला, पण झोपला नाही. सात महिने म्हातारा आपली स्तुती करत होता, आणि ती सगळी दुसरीच ऐकत होती. आपल्या वाटणीचं ‘शाब्बास’ तिच्या कानात गेलं. हे एक.

आणि दुसरं, ते हात. किती निवांत होते. आपल्याकडं कुणी बघतंय याची त्यांना खबर नव्हती. असे हात आपले आहेत, हे त्याला खरं वाटेना. पडद्यावरचा तो माणूस आपल्यापेक्षा चांगला कारागीर आहे, असं त्याला वाटायला लागलं. आणि भूपाल मगदूमला त्याचासुद्धा हेवा वाटला.

सकाळी दुकानात आला तर त्याच्या टेबलावर काचेच्या कामाचं मशीन मांडलेलं. उस्तादांचं. ज्याच्यावर आठ वर्षं त्यानं फक्त कापड झाकलं होतं.

बाजूला एक उघडा पडदा, त्याच्या मधोमध उभी रेघ.

“बस,” उस्ताद म्हणाले.

“मी?”

“काचेचं काम आजपासून तुझं. मी सांगतो, तू कर.”

 काल चोरी केली, आज गादी मिळाली. त्यानं उस्तादांच्या पायाला हात लावला. त्यांनी लावू दिला.

शिवलीला ओट्यावर होती. एका थाळीत स्क्रू ओतून जातीजातीनं वेगळे करत होती. तिनं ऐकलं असणारच. तिचा हात थांबला नाही.

“पट्टी उचल,” उस्ताद म्हणाले.

भूपालनं हात पुढं केला.

काल हे मनगट कसं होतं? असं, की जरा वळलेलं? काल बोटाचं पोट लावलं होतं... अंगठ्याचं की पहिल्या बोटाचं? आठ वर्षांत हे प्रश्न त्याला कधी पडले नव्हते. समोरच्या छोट्या पडद्यावर त्याचे हात मोठे होऊन आले. आज पहिल्यांदा त्याला दिसलं की ते त्याचे आहेत.

पट्टी तारेवरून सरकली.

“पुन्हा,” उस्ताद म्हणाले.

पुन्हा सरकली. बोटाच्या टोकाला बारीक कंप आला होता. उस्तादांच्या हाताला होता तसाच, पण उस्ताद सत्तरीचे होते आणि हा चौतिशीचा.

“ती वर बसलीय, उस्ताद.”

“ती स्क्रू निवडतेय.”

भूपालनं वळून बघितलं. शिवलीलाची पाठ होती.

तिसऱ्यांदा पट्टी चिमट्यातून निसटली आणि काचेवर आडवी पडली. भूपालनं चिमटा खाली ठेवला. हात पँटला पुसले. वर वाकड्या मानेचा कॅमेरा खाली वाकून बघत होता.

“हात चालतो माझा, उस्ताद. तुम्ही बघितलाय. कालचा बघितलाय तुम्ही.”

“बघितलाय.”

“कुणी बघतंय म्हटलं की आखडतो. त्या पेटीमुळं होतंय हे. संध्याकाळी तुम्ही हे तिला दाखवणार... चुकलेलं सगळं दाखवणार...” त्यानं टेबलाखाली बोट दाखवलं. “एवढी त्या पेटीची वायर काढा. मग बघा होतंय की नाही.”



सावकाश उस्तादांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. थरथरत्या हातानं वेळ लागला. वेटोळं करून दोऱ्यानं बांधलेली एक काळी वायर बाहेर आली. त्यांनी ती टेबलावर, पट्टीशेजारी ठेवली.

“ही तर काल संध्याकाळपासून माझ्या खिशात आहे.”